पलटणीच्या कागदावरची माझी पयली बायकू

पलटणीत माझ्या कागदावर लाल शाईची एक नोंद हाय. लाल शाई म्हंजी शिक्षेची. कुणी दारू पिऊन घेतो, कुणी सुट्टी संपल्यावर धा दिस उशिरा येऊन घेतो. मी म्हशीपायी घेतली. हसायचं असंल तर आधी हसून घ्या, मी थांबतो. पर लाज मला त्या शाईची कवा वाटली न्हाई, आन वाटणार बी न्हाई.

आमचं गाव आष्ट्याच्या अंगाला. घरात ऊस, दोन बैलं, एक म्हस. शाळंत मी दुसरीची यत्ता तीन वरसं केली. शेवटी मास्तर म्हणलं, बाबा, गुरं राखायला जमतंय का बघ. ते जमलं. हाताला चव मातूर हुती. गावजेवण असलं की आमटीच्या कढईवर मलाच हुबा करायचे. म्हणून मी भरतीला गेलो तो लांगरी म्हणून. लांगरी म्हंजी पलटणीचा सैपाकी. बंदूकवाला व्हायला छाती फुगवून दावाय लागती. माझी छाती फुगवली की पोट बी संगं फुगायचं.

भरती साताऱ्याला हुती. रांगंत माझ्याफुडं शिरवळकडचा एक गडी हुता. त्येचा भाऊ पलटणीत, तवा त्येला सगळं ठावं. त्यो म्हणला, गड्या, लगीन झालंय म्हणून सांग, लग्नाच्या माणसाला सुट्टी लवकर गावती, फुडं ऱ्हायला खोली बी देत्यात. माझं लगीन कुठलं? मला पोरगी देणारा अजून जलमला नव्हता. पर सुट्टी म्हणल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मेजावरच्या कारकुनानं बापाचं नाव इचारलं, आईचं इचारलं, ते झालं. मग म्हणला, लग्न? झालंय. बायकोचं नाव? आता आली का पंचाईत. मला एका बी बाईचं नाव आठवंना. आमच्यात बाईला नावानं हाक कोण मारतंय? काकू, वैनी, आक्का, न्हाईतर अमक्याची आई. सकाळ-सांज मी जिला नावानं हाक मारत हुतो अशी एकच बाईमाणूस आमच्या घरात हुती. ती गोठ्यात बांधलेली हुती. मी तिचं नाव सांगून मोकळा झालो. काय नाव, ते हितं सांगत न्हाई. त्याच नावाच्या चार बाया अजून आमच्या गावात हायती, काठी घिऊन येतील.

वय? म्हणला. सात, म्हणलं मी. त्येनं टाक खाली ठेवला. सतरा, म्हणलं. मुलंबाळं? यंदाच व्या... एवढंच म्हणलं आन जीभ चावली. न्हाईत, म्हणून सांगितलं.

साताऱ्यापासनं आष्ट्यापत्तुर मी यष्टीत एकटाच हसत आलो. मला काय ठावं, त्या मेजावर जे बोललं ते जलमभर बोलल्यालं असतं? त्यो कागद तिथनं रेकॉर्ड ऑफिसात जातो आन तिथंच ऱ्हातो. तुमी आजारी पडला, मेला, तर तार कुणाला धाडायची. खोलीत कुणाला ऱ्हाऊ द्यायचं, दवाखान्यात कुणाला घ्यायचं, समदं त्येच्यावरनं. पलटण माणसाला तोंडावरनं वळखत न्हाई, कागदावरनं वळखती.

लढाईच्या साली आमी सरहद्दीवर हुतो. जायच्या आधी परत्येकाला इचारलं, कायबाय झालं तर कुणाला कळवायचं? चेष्टामस्करी करणारी पोरं बी तवा नीट नाव-पत्ता सांगाय लागली. मी कागदावरचंच नाव सांगितलं. मनात आलं, माझ्या भटारखान्यावर गोळा पडला तर तार गोठ्यात जायाची. तवाच खरं सांगून टाकायला पायजे हुतं. पर भ्यालो. भरतीला खोटं सांगितलं म्हंजी शिक्षा, एवढं मला कळत हुतं.

लढाईनंतर माझं खरंच लगीन ठरलं. आमच्यात नवरीचं नाव लग्नात बदलत्यात. मला वाटलं, देवच पावला. घरात म्हणलं, नवरीचं नाव हे ठेवा. आई भाकरी थापत हुती. तिनं पिठाचा हात माझ्या गालावर उठवला. म्हणली, "आरं मुडद्या, सुनंला हाक मारली तर दोघी वळून बघतील की." त्या घोळात नाव बदलायचं ऱ्हायलंच. नवरी आली ती बापानं ठेवलेल्या नावानंच आली.

पलटणीत गेलो, हेडक्लार्कला म्हणलं माझ्या बायकूचं नाव घाला. हेडक्लार्क वाईचा, शुद्ध बोलणारा, अक्षर मोत्यासारखं. त्येनं माझा कागद काढला, चष्मा वर केला आन म्हणला, "अरे, तुझी बायको आहे की इथे. ही दुसरी कोण?" एक जिती असताना दुसरी केली म्हंजी नोकरी गेली, हे बी त्येनंच सांगितलं. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे मग, घाई न्हाई. आन तसंच दिलं सोडून. तीन वरसं माझी बायकू गावात ऱ्हायली, पलटणीच्या हिशेबी ती जलमलीच नव्हती. तिला मी कायतरी सांगायचो. खोल्या रिकाम्या न्हाईत, कागद वर गेलाय. खोटं बोलायला मला कवा ताण पडला न्हाई.

पयलं बाळ घरातच झालं, आन मेल्यालं झालं. ती बी जाता जाता वाचली. दुसऱ्या खेपंला सहावा लागला तवा सांगलीच्या डाक्टरणीनं साफ सांगितलं, घरात बाळंत होऊ देऊ नका, मोठा दवाखाना पायजे, रक्ताची सोय पायजे. आमच्या पलटणीच्या दवाखान्यात ती सोय हुती. पर तिथं कागदावरचीच बायकू घेणार.

मी हेडक्लार्कचं पाय धरलं, सगळं सांगितलं. म्हस म्हणल्यावर त्यो हसला न्हाई, कपाळाला हात लावला. मग म्हणला, खरं सांगायला गेलास तर साहेबांपुढे पेशी होईल, लाल शाई लागेल, आणि तुझी फीत आता येणारच आहे ती जाईल. फीत म्हंजी दंडावरची, लांगऱ्याचा नाईक व्हायची. मग त्येनंच वाट काढली. लग्नात नाव बदलतातच. लिहून दे, घरी एक नाव, कागदावर दुसरं, बाई एकच. तिचा अंगठा घेऊन ये, काम झालं. मला एवढा आनंद झाला, त्या दिशी त्येच्या ताटात मी खीर तीनदा वाढली.

सुट्टी काढून गावाला आलो. बायकूला घिऊन सांगलीला गेलो. तिथं सैनिकांच्या कचेरीत एक म्हातारं सुभेदार बसायचं, असलं कागद तेच्याच म्होरं व्हायचं. येताना तिला एवढंच सांगितलं हुतं की दवाखान्याचा कागद हाय, अंगठा लागतोय. सुभेदारानं तिच्या अंगठ्याला शाई लावली. तिनं अंगठा तसाच वर धरला आन म्हणली, "आवं दादा, काय लिवलंय त्ये एकदा वाचून दावा की."

सुभेदार वाचाय लागलं. नावापाशी आल्यावर तिनं थांबवलं. ही कोण, म्हणली. मी खिडकीतनं भाईर बघाय लागलो. सुभेदार म्हणलं, तूच की बाई. तर ती म्हणती, "त्या नावाची आमच्या गोठ्यात बांधलीया. वैरण म्याच घालून आलेय."

मग मला सांगावंच लागलं. साताऱ्याची रांग, सात वरसं वय, समदं. सुभेदार एवढं हसलं की दातांची कवळी काढून हातात धराय लागली. मला बी बरं वाटलं, म्हणलं, हसण्यावारी गेलं. सुभेदारानं डोळं पुसलं आन तिला समजावलं, पोरी, जिवाचं काम हाय, कागद दवाखान्यापुरता हाय, लाव अंगठा.

ती हसली न्हवती. म्हणली, "म्या त्या खाटंवर मेले तर कोण मेली म्हणून लिवणार?"

सुभेदारानं कवळी तोंडात घातली.

"आन जगले, तर प्वार कुणाच्या पोटचं म्हणून लिवणार?"

मी म्हणलं, आगं, कागद कोण बघतंय. तशी ती उठली, आन त्यो शाईचा अंगठा तिनं माझ्या शर्टावर उठवला. बरोबर छातीवर. पांढरा शर्ट, सुट्टीसाठी नवा शिवलेला. म्हणली, "ह्यो घ्या. दावा जाऊन."

यष्टीत ती बायांच्या बाकड्यावर बसली, मी मागं. गावात सगळ्यांनी इचारलं, शर्टाला काय झालं. घरात आईनं तिला हात जोडलं, आगं, नाव लाव न्हाईतर दगड लाव, पर जीव वाचीव. ती एकच बोलायची. माझं नाव असलं तर येते, न्हाईतर हितंच बाळंत हुते. मी चार गमती सांगून बघितल्या. माझ्या गमतीला गाव हसायचं, तीच तेवढी हसली न्हाई. तवा मला पयल्यांदा वाटलं, आपुन गमती न्हाई, भ्या सांगत फिरतोय.

पलटणीत गेलो, शर्ट हेडक्लार्कच्या मेजावर पसरला. म्हणलं, अंगठा आणलाय. त्यो शर्टाकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. म्हणलं, मला पेशीला घाला. त्येनं लय समजावलं, फीत हाताशी आलीय, चार महिने थांब. म्हणलं, "आवं, तिला मरायचं भ्या न्हाई, मला फितीचं कसलं भ्या घालताय?"

पेशी म्हंजी टोपी काढायची, पट्टा काढायचा, आन लेफ्ट-राइट करत मोठ्या सायबाच्या म्होरं न्यायचं. पट्टा काढल्यावर माझी पँट खाली याय लागली, तवा मी एका हातानं पँट धरून सावधान हुबा. सायबानं इचारलं, भरतीला नाव कुणाचं सांगितलं? "भैंस का, साब." सायेब म्हणला, किसका? मी परत सांगितलं. पलटणीचा सुभेदार मेजर छताकडं बघत हुता आन त्येच्या मिशा हालत हुत्या. सायबानं कागदात तोंड घातलं, लय येळ काढलं न्हाई. मग इचारलं, काय म्हणायचंय का?

मी हिंदीत कच्चा, पर म्हणलं, "साब, सजा मेरे को दो. नाम उसका लिखो. लेकिन जल्दी लिखो."

सायबानं दोन्ही केलं. लाल शाई, फीत बंद, आन चौदा दिस भटारखान्याचं काम झालं की पाठीवर वझं घिऊन मैदानाला फेऱ्या. मी फेऱ्या माराय लागलो की बराकीतनं पोरं म्हशीवाणी हंबरायची. पयल्या दिशी मान खाली घातली. दुसऱ्या दिशी मीच आधी हंबरलो, मोठ्यानं. शिक्षा मी मागून घेतली हुती, हंबरायचा हक्क पयला माझा.

आन लग्नाचा हुकूम निघाला. पलटणीत तुमचं लगीन गावानं बघून भागत न्हाई, हुकमात छापून याय लागतंय, तवा ते झालं. हेडक्लार्कनं त्येची एक नक्कल माझ्या हातात दिली, सुट्टीचा पास दिला, म्हणला, घेऊन ये आता.

गावात पोचलो तवा तिला आठवा सरत आला हुता. सोप्यात भिताडाला टेकून बसली हुती. मी कागद काढला आन ऐटीत म्हणलं, ऐक, वाचतो. ती म्हणली, "तुमी वाचल्यालं नगं. मास्तरास्नी बोलवा."

बरोबरच हुतं तिचं. कागद इंग्रजीत, आन मी त्यो उलटा धरला हुता.

आलं ते मला दुसरीत तीन वरसं बसवलेलं मास्तरच. चष्मा लावून त्येनी एकेक अक्षर वाचून मराठीत सांगितलं. तिचं नाव. तिच्या बापाचं नाव. आमचं गाव. आन खाली, भरतीच्या वक्ताला दिल्यालं बायकोचं नाव खोटं असल्यामुळं रद्द. मास्तर माझ्याकडं बघून म्हणलं, "ते कुणाचं नाव रं?" तिनं आपलं नाव परत एकदा वाचून घेतलं. मग कागद मागितला, घडी घातली, पदराच्या गाठीत बांधला.

मी म्हणलं, चल मग, पिशवी भर. ती म्हणली, "भरते. तवर तुमी उठा, तुमच्या पयलीला वैरण-पाणी करा. सकाळपासनं उपाशी हाय." आन लगीन झाल्यापासनं हसली नव्हती एवढी हसली, पोट धरून.

दवाखान्यात तिला रक्त द्यावं लागलं, दोन बाटल्या. पोरगी झाली, दोघी वाचल्या. फीत मला शेवटपत्तुर मिळाली न्हाई. माझ्यामागनं आल्याली पोरं नाईक झाली, हवालदार झाली, मी त्येंच्या ताटात वाढत ऱ्हायलो. कुणी इचारलं तर सांगायचो, म्हशीनं खाल्ली.

पोरीची नोंद करायला मी हेडक्लार्ककडं गेलो. त्येनं टाक उचलला, चष्म्यावरनं बघितलं आन इचारलं, सध्या गोठ्यात काय आहे? म्हणलं, सायेब, नाव मी सांगणार न्हाई, मला तशी ताकीद हाय. धा-बारा दिसांनी ती सोता आली, पोरगी पदरात घिऊन. आन खिडकीत हुबी ऱ्हाऊन आधी आपलं नाव सांगितलं, मग पोरीचं. एवढ्या मोठ्यानं की भटारखान्यात चपात्या लाटणाऱ्या माझ्या संगच्या पोरांनी बी ऐकलं.