मी आणि आमचा मुका रेडिओ

"या पोरीपेक्षा रेडिओ तरी जास्ती बोलंल!" आत्या शेजारच्या गुंडू मास्तरांना सांगत होती. मी खिडकीआड उभी होते. (मी बहुतेक वेळा खिडकीआडच असते.)

तिचं म्हणणं रास्त होतं. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात नऊ वर्षं काढून मी इंग्रजीतही गप्प बसायला शिकले होते.

रेडिओ माझ्या वकील वडिलांनी, आप्पांनी, कॅम्पातूनच आणला होता, आठ दिवसांच्या बोलीवर. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत. पुस्तिका इंग्रजीत, म्हणून ती माझ्याकडे आली. तिच्यात लिहिल्याप्रमाणे छपरावर दोन बांबू उभारून आवाज पकडणारी तांब्याची तार ताणली. सात दिवस रेडिओ झकास गायला आणि मी त्याच्या प्रेमात पडले. घरात कुणीतरी सतत बोलत होतं आणि मला उत्तर द्यावं लागत नव्हतं!

आठव्या दिवशी सकाळी आत्यानं विचारलं, "काय गं, त्या वरच्या तारेला कुणी शिवत न्हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हटलं. तारेवर काही टाकू नये, असंही पुस्तिकेत होतं. पण ते वाक्य फार लांब होतं!

संध्याकाळी आप्पांनी गाणं ऐकायला अख्खी गल्ली बोलावली. सतरंज्या पसरल्या, चहा फिरला. आप्पांनी ऐटीत बटण फिरवलं.

"खर्रर्र!" रेडिओ म्हणाला.

"गवई घसा साफ करतोय," मास्तर म्हणाले.

पाच मिनिटं झाली, घसा साफ होईना. कुणी रेडिओचं तोंड पूर्वेला केलं, कुणी पाठीत थापट्या मारल्या. आत्यानं तर त्याची मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. आता गल्लीही खर्रर्र करू लागली!

"वकीलसाहेब, फशिवलं की तुम्हास्नी!" मास्तर खोकत म्हणाले.

आप्पांचा चेहरा उतरला. "व्हय, लई झालं. खोकं आणा त्याचं. उद्या सकाळी परत!"

श्वास घ्यायला मी खिडकीबाहेर डोकं काढलं आणि वर बघतच राहिले. तारेवर आत्याचं नऊवारी सोवळं! कुणीही शिवत नाही अशी जागा तिला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती. तिनं काठीनं ते ओलंचिंब लुगडं थेट तारेवर चढवलं होतं. त्याच्या भारानं तार झुकून न्हाणीघराच्या पत्र्याला टेकली होती आणि रेडिओचा घसा तिथंच बसला होता.

मी बोटानं दाखवलं. कुणी पाहिलं नाही. मी खाकरले. सगळ्यांना वाटलं, मिरच्या!

रेडिओ अर्धा खोक्यात गेला. तेव्हा चाळीस माणसांदेखत कुणीतरी किंचाळलं. ती मीच होते.

"आत्या, तारेवरचं तुझं सोवळं आधी उतरव! आणि आप्पा, रेडिओ राहू द्या, खोक्यात मला घाला!"