काष्टीला पाडलेली चार भोकं

पुण्याहून सकाळी निघाले तेव्हा माझ्या पाठीशी एक लोड होता आणि खाली एक उशी. गाडी आमच्या ह्यांची, चाळीस वर्षांपूर्वी नवी घेतलेली अ‍ॅम्बॅसेडर. हे सहा फुटी, मी जेमतेम पाच. ह्यांना जाऊन वर्ष झालं. तेवढ्यात मी क्लासला जाऊन गाडी शिकले. आता ती मला चालवायची होती, म्हणून सीट पुढे बसवून घ्यायला मी काष्टीच्या अंकुश मिस्त्रींकडे निघाले होते. मुलाला ते पसंत नव्हतं. बाबांनी गाडी इतकी ओरिजिनल ठेवली, तिला हात लावू नकोस, असं त्याने दोनदा बजावलं. खरंच ठेवली होती. पत्र्याला एकही परकं भोक नाही, हे ह्यांनी पाहुण्यांना जितक्या वेळा सांगितलं, तितक्या वेळा माझं नावसुद्धा सांगितलं नसेल.

दौंड सोडून भीमेचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. काष्टीत बाजार भरलेला. शेळ्या आडव्या आल्या म्हणून ब्रेक दाबला, तसा लोड सरकला, पाय क्लचवरून निसटला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. भर गर्दीत ती पुन्हा सुरू करायचं धाडस होईना. एक शेळीवाला काचेशी आला. "ड्रायव्हर कुठं गेला, मावशी?" मीच, म्हटलं. त्याने उशीकडे पाहून हसू दाबलं आणि चौघांना गोळा करून गाडी ढकलत मिस्त्रींच्या दारात नेऊन लावली. चहालासुद्धा थांबला नाही.

अंकुश मिस्त्री तीस वर्षं ही गाडी सांभाळताहेत. ह्यांच्यासाठी जुने भाग शोधायला त्यांनी श्रीरामपूरपर्यंतची भंगाराची दुकानं पालथी घातलेली. माझं काम ऐकून त्यांनी आधी सीटखाली वाकून पाहिलं. सीट आहे त्याहून पुढे घ्यायचं तर तळाच्या पत्र्याला नवी चार भोकं पाडायला हवीत, आणि तसं कधी करणार नाही असा शब्द त्यांनी ह्यांना दिला होता. त्यापेक्षा ड्रायव्हर ठेवा, असं त्यांनी सुचवलं. माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं मी या गाडीत डावीकडे बसले, एक गोष्ट तरी माझ्या सोयीची होऊ द्या, असं जरा चढ्या आवाजातच बोलले.

वाद मिटेना, तेव्हा त्यांच्या पत्नीने, पारूबाईंनी, आम्हाला जेवायला बसवलं. त्यांचं माहेर कर्जतचं. भाकरी आणि शिपी आमटी (काळ्या मसाल्याची झणझणीत डाळीची आमटी) असा बेत होता. मी तीन वाट्या आमटी प्यायले. राग आला की मला भूक लागते, हे जुनंच आहे.

जेवणानंतर मिस्त्री सुतळी घेऊन आले. "बसा वैनी. उशी काडा."

मी बसले. पायाचा अंगठा क्लचला कसाबसा टेकला. बॉनेटपलीकडचा रस्ता दिसेना. मिस्त्रींनी माझ्या गुडघ्यापासून पेडलपर्यंत सुतळी धरली आणि तसेच उकिडवे बसून राहिले.

"तीस वर्सं गाडी हितं येती," ते म्हणाले. "सायबांनी तुमाला कदी या बाजूला बसवलं न्हाई?"

"नाही."

"मी बी कदी इचारलं न्हाई."

मग त्यांनी ड्रिल मशीन आणलं. पहिलं भोक पडलं. हे दर रविवारी आडवे पडून पुसायचे, तोच पत्रा होता तो. जुनी भोकं मात्र मिस्त्रींनी बुजवली नाहीत. "ती सायबांची. ऱ्हाऊ द्या." सीटखाली लाकडी ठोकळे घालून त्यांनी उंची वाढवली. पेडल अलगद पायाखाली आलं.

परतताना भीमेचा पूल मी उशीशिवाय ओलांडला. वाटेत इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. तेव्हा मला ह्यांची फार आठवण आली. त्यांनी इतकं जपलं नसतं, तर मला चालवायला उरलं काय असतं? गाडी जशीच्या तशी राखणं हेही प्रेमच होतं. फक्त त्यात माझ्या पायाचं माप कुणी घेतलं नव्हतं, ते काष्टीच्या एका माणसाने आपला शब्द मोडून घेतलं. त्या दोघांचीही मी ऋणी आहे.

घरी मुलगा फाटकात उभा होता. गाडी मी आत लावतो, म्हणाला. तोही ह्यांच्यासारखाच उंच. बसायला गेला तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. मला इथे बसताच येत नाही, असं तो हळूच म्हणाला.

"सरक पलीकडे," मी म्हटलं.

तो डावीकडे सरकला, आणि मी गाडी वळवून पुन्हा रस्त्यावर घेतली.