मधलं पान

नववी-दहावीच्या मुलांना वाचायला कुठली पुस्तकं द्यावीत, असं विचारणारे फोन मला दर उन्हाळ्यात येतात. विचारणाऱ्यांनी उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं. पुस्तक संस्कार करणारं हवं, भाषा सुधारणारं हवं, फार जाड नको आणि त्यात 'तसलं काही' नको. तसलं म्हणजे काय, हे कुणीच सांगत नाही. मी उदगीरच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, एवढ्यावरून लोकांना वाटतं की माझ्याजवळ औषधाच्या गोळ्यांसारखी पुस्तकं तयार असतील, सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

मला खरी चीड आहे ती 'अवांतर' या शब्दाची. आमच्याकडे अभ्यासाच्या पुस्तकाबाहेरचं सगळं अवांतर असतं. पंधरा वर्षांच्या मुलीला जिवलग मैत्रीण बोलेनाशी झाली म्हणून घास गिळवत नाही, घरात रोज भांडण होतं आणि आपण कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते कळत नाही, हे सगळं अवांतर. पृथ्वीच्या पोटात थर किती, तेवढं मुख्य. हे मी शिक्षकांच्या खोलीत बोलले की लोक चहाचे कप उचलून आपापल्या तासाला निघतात.

कपाट ताब्यात आलं तेव्हा मुलांना काय द्यावं, हा प्रश्न मलाही होताच. थोरामोठ्यांची चरित्रं देऊन पाहिली. मुलं ती दप्तरात घालून घरी नेत आणि तशीच परत आणत. एकानं विचारलं, "मॅडम, यातलं आयएमपी कुठून कुठवर हाय?" आमच्या भागात पोरांना पुस्तक दिसलं की हात पेन्सिलीकडे जातो. एकदा एका हुशार मुलीनं एक अख्खी कादंबरी पानभर सारांशात बसवली आणि बाकीच्या वर्गानं त्या पानाची झेरॉक्स काढून 'वाचलं' असं सांगितलं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

तेव्हापासून मी दोन नियम केले. पुस्तक वाचून काहीही लिहायचं नाही, हा पहिला. आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला ज्यानं पुस्तक वाचलं असेल त्यानं उभं राहून गोष्ट सांगायची, पण अर्ध्यावर थांबवायची. पुढचं सांगायचं नाही. कुणी चुकून सांगायला लागलाच तर सगळा वर्ग त्याला ओरडून खाली बसवतो. आता मुलं एकमेकांनाच पुस्तकं सुचवतात आणि माझी शिफारस कुणी विचारत नाही, याचा मला फार आनंद आहे.

नांदेड माझं माहेर. सुट्टीत गेले की तिथल्या ग्रंथप्रदर्शनातून पिशवीभर पुस्तकं घेते आणि कंधारमार्गे येणाऱ्या एसटीत ती मांडीवर ठेवून परत येते. अशाच एका फेरीत मला एक कादंबरी सापडली. गोष्ट साधी होती. दहावीतल्या एका मुलीचा मोठा भाऊ वडिलांशी भांडून घर सोडून गेलेला असतो. घरात त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं असतं. एक दिवस ही मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं आईला सांगून एसटीत बसते आणि भावाला शोधायला निघते. मी ती बसमध्येच वाचायला घेतली. उदगीर आलं, माणसं उतरली, तरी मी तशीच बसून होते. शेवटी कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरायचं न्हाई का?"

ती कादंबरी कपाटात ठेवताना माझ्या डोळ्यांपुढे नववीतली एक मुलगी होती, हे मी लपवणार नाही. तिच्या वडिलांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान आहे. सगळा मोंढा त्यांना अप्पा म्हणतो, मीही म्हणते. मुलीचा मोठा भाऊ अकरावी-बारावीसाठी लातूरला क्लासला होता. डॉक्टर व्हायचं ठरलं होतं. त्यानं ठरवलं होतं असं नाही, ठरलं होतं. एकदा प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले, पुन्हा दिली, पुन्हा कमी पडले. खोली रिकामी करायला अप्पा लातूरला गेले तेव्हा गादीखाली गोष्टीची पुस्तकं सापडली. मग काय, सगळं खापर त्या पुस्तकांवर फुटलं. बापलेकांचं तिथंच वाजलं आणि मुलगा हैदराबादला निघून गेला. तिथं तो मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, हे साऱ्या उदगीरला माहीत होतं आणि अप्पांसमोर कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर त्या घरात अवांतर पुस्तकाला बंदी झाली. मुलगी शनिवारच्या तासाला खिडकीशी बसायची, दुसऱ्यांच्या अर्ध्या गोष्टी कान देऊन ऐकायची, पण स्वतः पुस्तक मागायची नाही. एरवी मान खाली घालून लिहिणारी ही पोर त्या एका तासाला मान वर करायची. दोन वर्षांनी तीही लातूरला जाणार होती. जाताना तिच्याजवळ स्वतःचं असं काहीतरी असावं, एवढंच मला वाटत होतं.

एका शनिवारी वर्गातली एका शिंप्याची मुलगी ती कादंबरी सांगायला उभी राहिली. "मंग ती लडकी एसटीत बसली," तिनं हातवारे करत सांगितलं, "भाईचा पत्ता तिच्या मुठीत हाय, आन् पुढचं मी न्हाई सांगत." वर्गात कालवा झाला. तास सुटल्यावर खिडकीजवळची मुलगी माझ्यापाशी आली.

"मॅडम, ते मला पाहिजे."

"घरी चालेल का?"

"पाहते," ती म्हणाली आणि पुस्तक शालेय पुस्तकांच्या मधोमध घातलं.

घरी अर्थातच चाललं नाही. सोमवारी मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं आलं. अप्पा खुर्चीवर ताठ बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मुलीलाही वर्गातून बोलावलं होतं, ती दाराशी उभी होती.

"बाई, हे काय वाचायला देऊन राहिले तुम्ही लेकरायला?"

"तुम्ही वाचलंत का, अप्पा?"

"पाहिलं की. मधी तीन जागी पाहिलं. एका जागी पोरगी मायला खोटं बोलायली. दुसऱ्या जागी एकलीच एसटीत बसून चालली. तिसऱ्या जागी तर स्टँडवर एका पोराच्या गळ्यात पडून रडायली. हे शिकवता का शाळेत?"

मोंढ्यात माल असाच पाहतात. पोत्याच्या तोंडाशी चांगला दाणा घालून ठेवलेला असतो हे आडत्याला ठाऊक असतं. म्हणून तो टोकदार नळी पोत्याच्या मध्यात खुपसतो, मूठभर तूर तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली चावून पाहतो आणि भाव ठरतो. अप्पांचा हात त्यात पक्का. त्यांनी मुखपृष्ठ आणि पहिली पानं म्हणजे वरचा माल समजून सोडून दिली आणि कादंबरीच्या मध्यात तीनदा नळी खुपसली.

स्टँडवरचा तो पोरगा म्हणजे त्या मुलीचा सख्खा भाऊ होता. त्याच्या आधीचं एक पान वाचलं असतं तरी कळलं असतं. मला हसू यायला लागलं आणि त्याच्या मागोमाग राग आला. मुख्याध्यापकांनीही पुस्तक वाचलेलं नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, तेवढं पुस्तक कपाटातून काढून टाका. वाद नको."

मी एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण दाराकडे नजर गेली. मुलगी खाली बघत शांत उभी होती. तिनंही घरी ते एक वाक्य सांगितलेलं नव्हतं.

"अप्पा," मी म्हटलं, "पोत्यात सगळा दाणा सारखाच, म्हणून मुठीवरून पोतं कळतं. पुस्तकाचं तसं नसतं. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. तुम्ही पहिल्या पानापासून वाचा. वाईट वाटलं तर शनिवारी मी स्वतः ते कपाटातून काढते आणि तुमच्या मुलीला शनिवारच्या गोष्टींच्या तासाला बसवत नाही."

"हाव, वाचतो," अप्पा उठत म्हणाले. "आमाला काय वाचता येत न्हाई का?" पुस्तक पुन्हा पिशवीत गेलं.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तावातावात मी त्या पोरीचा एकुलता एक तास डावावर लावला होता, तोही तिला न विचारता. मी तिला व्हरांड्यात गाठलं.

"तो तिचा भाऊ आहे, एवढं घरी सांगायला काय झालं होतं गं?"

"पुढचं सांगायचं न्हाई, असा आपला नियम हाय ना, मॅडम." चेहरा अगदी सरळ होता. मी तिच्याकडे बघत राहिले तेव्हा हळूच म्हणाली, "सांगितलं असतं तर अप्पानं वाचलंच नसतं."

तेव्हा मला कळलं की ही मुलगी माझ्यापेक्षा जास्त धीराची आहे.

तो आठवडा काही केल्या सरेना. भाजीला जायचं निमित्त करून मी मोंढ्यावरून गेले. अप्पा गादीवर बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुस्तक मांडीवर, ओळीखालून बोट सरकत होतं. हमाल पोतं पाठीवर घेऊन काहीतरी विचारत होता. "थांब जरा," अप्पा मान वर न करता म्हणाले आणि तो बिचारा पोत्यासकट थांबला. मी कोथिंबीर न घेताच परत आले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलीला विचारलं.

"कुठवर आलंय?"

"माहीत न्हाई. उशाशी ठेवून झोपतात. जेवताना बोलेनात कुणाशी. आईनं इचारलं तर म्हणले, डोकं दुखायलं."

मला खात्री वाटेना. गोष्टीत स्वतःला ओळखून माणूस मऊ होतो, असं आम्ही भाषेचे शिक्षक आनंदानं सांगत असतो. पण ओळखून आणखी चिडणारी माणसंही मी पाहिली आहेत. अप्पांना वाटलं असतं की सगळ्या गावानं मिळून आपल्या घरावर पुस्तक लिहिलंय, तर? मग पुस्तक तर जाईलच, पण मुलीचा तासही जाईल आणि दोष माझ्या आगाऊपणाचा. शुक्रवारी त्यांची वाट पाहिली, ते आले नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, "बघा, राग गेलेला दिसत नाही." मला तेच वाटत होतं.

शनिवारी शेवटच्या तासाला वर्गात गेले तर मुलगी खिडकीशी तिच्या जागेवर बसलेली. मला बरं वाटलं, पण बाकावर पुस्तक नव्हतं. दरम्यान त्या कादंबरीची वर्गात एवढी चर्चा झाली होती की निम्म्या मुलांना ती हवी होती. आल्या आल्या त्यांनी माझ्यामागे लकडा लावला, ते पुस्तक कधी मिळणार म्हणून. धाकधुकीत माझा आवाज चढला.

"पुस्तक कुठंय?" मी तिला विचारलं. "आज शनिवार आहे. वडील काय म्हणाले?"

ती उभी राहिली. "अप्पानं नेलंय, मॅडम."

"कुठं, मोंढ्यात?"

"हैदराबादला. सकाळच्या गाडीनं गेले."

 हैदराबादला कोण आहे हे वर्गातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. शिंप्याच्या मुलीनं तेवढ्यात विचारलं, "कामून नेलं? वाचून झालं न्हाई का त्यायचं?"

"झालं," ती म्हणाली. "दादाला द्यायला नेलंय."

 तिच्याकडे बघू नये म्हणून मी कपाटाच्या किल्लीशी चाळा करत राहिले. मागच्या बाकावरून कुणीतरी अधीर होऊन ओरडलं, "मंग शेवट काय हाय गं त्याचा? पोरगा येतो का घरी?"

"मला कुठं माहीत?" मुलगी हसली, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "माझं अर्धंच झालं होतं, तवाच अप्पानं घेतलं. काल इचारलं त्यायला शेवट काय हाय म्हणून."

"मंग?"

"म्हणले, शेवट सांगायचा नसतो."

वर्ग हसला. शनिवारच्या तासाला आम्ही फळ्यावर काही लिहीत नाही, तरी मी पाठ करून बराच वेळ फळा पुसत राहिले.