नैनितालला किचन आहे

मे महिना जवळ आला की माझं डोकं फिरायला लागतं. उकाड्याने नव्हे, ते आधीच सांगते.

आमचं घर सरावलीला, चिकूच्या वाडीत. डहाणू रोडला उतरून रिक्षा केली की आलंच. समुद्र लांब नाही, अंगणात सावली आहे, विहिरीला पाणी आहे. मुंबईच्या माणसाला आणखी काय हवं? माझ्या दोन्ही नणंदा मे महिन्यात पोराबाळांसकट माहेरपणाला येतात. त्यांच्या मागोमाग त्यांचे कोण कोण येतात, ते विचारणं मी केव्हाच सोडून दिलंय. झोपाळ्यावर बसून, मीच हातात दिलेलं पन्हं पीत प्रत्येक जण मला एकदा तरी ऐकवतो, "वहिनी, तुमचं बरं आहे हो. बारा महिने सुट्टीच!" डोंबलाची सुट्टी! त्यांचं पन्हं संपेपर्यंत माझ्या भाकऱ्यांची उकड निवत आलेली असते आणि गच्चीवर वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे येऊन बसलेले असतात.

सासूबाई गेल्या तेव्हा आमच्या ह्यांनी बहिणींना शब्द दिला होता, की आई गेली तरी तुमचं माहेर तुटणार नाही. चांगली गोष्ट आहे. तेव्हा ऐकून मलाही भरून आलं होतं. पण शब्द दिला ह्यांनी आणि पाळतेय मी, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझं स्वतःचं माहेर तलासरीला. म्हातारी आई तिथे एकटी असते. मी माहेरी कधी जाते माहितीये? भर पावसात, सगळे पाहुणे आपापल्या घरी गेल्यावर. तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत, कारण रात्री ह्यांना जेवायला कोण वाढणार?

ह्या वर्षी मात्र मी हट्टाला पेटले. लेकीसाठी.

माझी लेक नर्सिंग शिकली. जूनमध्ये तिला बंगळूरला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. लहान असताना आम्ही तिला समुद्रावर नेलं आणि ओहोटी असली, की ती भोकाड पसरायची. आमच्याकडे पाणी आत जातं म्हणजे जातंच, पार नजरेआड होतं, मागे नुसता चिखल उरतो. ती विचारायची, "हे पाणी सारखं निघून का जातं? मला न जाणारं पाणी दाखव." पुढे शाळेच्या पुस्तकात तिला नैनितालचं तळं सापडलं. चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये गप बसलेलं पाणी. तेव्हापासून तिचं एकच, आई, आपण तिथे कधी जायचं? आणि माझंही एकच, पुढच्या मेमध्ये. पुढचा मे, पुढचा मे करता करता पोरगी माझ्यापेक्षा उंच झाली. आता ती बंगळूरला जाणार, मग तिच्या सुट्ट्या तिच्या हातात राहणार नाहीत, मग लग्नाचं निघणार. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

संक्रांत झाल्या झाल्या मी ह्यांना सांगितलं. म्हटलं, मेमध्ये पाच-सहा दिवस आपण तिघं नैनितालला जाऊ. कुरकुर न करता हे "बरं" म्हणाले. मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. पण नाही, खरंच म्हणाले. वाडीच्या पाण्याचं बघायला आमचा रानशेतचा माणूस होताच.

मग आम्ही मायलेकी रोज दुपारी फोन घेऊन बसायला लागलो. गाडी वापीला पकडायची, दिल्लीला बदलायची, काठगोदामला उतरायचं आणि तिथून टॅक्सीने वर. सगळं लेकीने शोधलं. हॉटेलंही तिनेच बघितली. शेवटी तळ्याच्या वरच्या अंगाला एक छोटंसं हॉटेल सापडलं. खोलीला गॅलरी आणि गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या. ती म्हणाली, "आई, सकाळचा चहा-नाश्ता ते खोलीत आणून देतात. तू खुर्चीत बसायचं, मी तुझ्या शेजारी बसणार आणि आपण कुणालाही काहीही विचारायचं नाही." मी हसले, पण आतून मला रडायला आलं. आयता चहा! माझ्या घरात मला आयता चहा मिळतो तो फक्त मी तापाने फणफणलेली असताना, आणि त्यातही साखर विसरलेली असते. मी लेकीला म्हटलं, तेच हॉटेल घे, दुसरं बघूसुद्धा नकोस.

राहता राहिलं नणंदांना सांगायचं, की अमुक ते अमुक दिवस आम्ही घरी नाही, तुम्ही त्याच्या आधी या नाहीतर नंतर या. बस, एवढंच. ह्यांच्या सख्ख्या बहिणी, म्हणून मी म्हटलं, तुम्हीच सांगा. मी सांगितलं असतं तर वहिनीने माहेर बंद केलं असं झालं असतं. हे म्हणाले, "सांगतो की, त्यात काय?"

आणि त्यांनी काय सांगितलं, ते मला कळलं थोरल्या नणंदेकडून! दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज नुसता उतू चाललेला. "अगं वहिनी, काय झकास ठरवलंत गं! मी वाटण करून, सुकवून आणते. कोलीम-जवळा आणि सुके बोंबील तू घे. तांदळाचं पीठ तुमच्याकडचंच बरं, इकडच्या पिठाच्या भाकऱ्या तुटतात." मला काही उमगेना. मी म्हटलं, "कशासाठी ताई?" तर म्हणे, "अगं नैनितालसाठी! धाकटीपण येतेय. बंगला मोठा आहे ना, मावू सगळे. आणि किचन आहे म्हणे!"

मी हातातला फोन ठेवला आणि तशीच वाडीतल्या शेडवर गेले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. हे जमिनीवर बसून चिकू निवडत होते, मोठे एका बाजूला, बारके दुसऱ्या बाजूला. मी समोर उभी राहिले तरी मान वर नाही.

"काय केलंत तुम्ही?"

"अगं, ताईला सांगायला फोन केला, तर ती एकदम गप्पच झाली. म्हणाली, म्हणजे यंदा माहेर नाही. मला कसंतरीच झालं. मग म्हटलं, तुम्हीपण चला."

"आणि आमचं हॉटेल?"

"ते रद्द केलं. एवढ्या माणसांना हॉटेल कसं परवडणार? बंगला घेतलाय. किचन आहे, गॅस आहे, भांडीसुद्धा आहेत." हे असं सांगत होते, जणू मला पैठणी आणलीय. "ताईच्या पोटाला तिकडचं चालत नाही ना. बाहेरचं खाल्लं की तिला लगेच त्रास होतो."

"मग ताईंनी करावं तिथे. हात आहेत ना त्यांना?"

आता मान वर झाली. "अगं, पाहुणी आहे ती!"

"नैनितालला पाहुणी?" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेडवरच्या बायका काम टाकून बघायला लागल्या. "नैनिताल काय तुमच्या बापजाद्यांचं आहे?"

तर हे शांतपणे म्हणतात, "आपल्याबरोबर येतायत म्हणजे माहेरालाच येतायत. माहेर काय भिंतीत असतं होय?"

घ्या! म्हणजे ह्यांचं माहेर आता ट्रंकेत भरून हिमालयात न्यायचं. कोलीम, बोंबील, पीठ, वाटण, आणि ते शिजवायला मी. चुलीजवळून मला कुठे हलवायचं म्हटलं, तर ह्यांनी माझ्याबरोबर चूलही पाठवली. आणि वर ह्यांना वाटत होतं, की आपण सगळ्यांची मनं राखली. सगळ्यांची! त्या सगळ्यांत मी आणि माझी लेक कुठे होतो?

थोरली नणंद वाईट बाई नाही, हेही सांगून टाकते. माझ्या बाळंतपणात तिने रात्री जागून काढल्यात. तिला मी तोंडावर सांगितलं असतं तर कदाचित तिने ऐकलंही असतं. पण मला भांडायचं होतं ते ह्यांच्याशी, आणि हे भांडतच नाहीत. हे चिकू निवडतात.

मी त्या दिवशी सांगून टाकलं, मी येणार नाही. ह्यांना वाटलं, रुसलीय, येईल. लेकीला मात्र कळलं. ती म्हणाली, "आई, तू नाहीस तर मीपण नाही. मला नकोच ते तळं." मी तिला दरडावलं. म्हटलं, "तू जायचंच. तुझ्यासाठीच काढलंय हे सगळं. तू बघून ये, डोळे भरून बघ, आणि मला येऊन सांग." ती पुन्हा पुन्हा विनवत राहिली आणि मी पुन्हा पुन्हा तिला तेच सांगत राहिले. माझी एकच इच्छा होती, की मी तिथे नसल्यावर ह्या सगळ्यांना कळू दे. तीन दिवस बाहेरचं खाऊन पोटं बिघडू देत. नाहीतर थोरलीला पदर खोचू दे. मला मनातल्या मनात तिचा घामाघूम झालेला चेहरा दिसत होता आणि, खोटं कशाला बोलू, गंमत वाटत होती.

निघायच्या दिवशी मीही बॅग भरली. ह्यांचा चेहरा खुलला. नणंदा बोरिवलीला गाडीत चढणार होत्या, आम्ही वापीला. भाड्याची गाडी करून निघालो. पिठाचा डबा डिकीत, बोंबलांचा वास गाडीभर. हायवेला तलासरी आली तशी मी ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, इथे बाजूला घ्या." बॅग घेतली आणि उतरले.

हे म्हणाले, "हे काय आता?"

"मी माझ्या माहेरी चाललेय. मे महिना आहे ना."

लेकीने खिडकीतून माझा हात घट्ट धरला होता. तो मीच सोडवला. म्हटलं, जा, गाडी चुकेल.

आईने मला काही विचारलं नाही. कितीतरी वर्षांनी मी मे महिन्यात तिच्या दारात उभी होते, तिला तेवढंच पुरे होतं. तिने मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. मी खाटेवर पडून राहिले, ताडगोळे खाल्ले, दुपारी गाढ झोपले. मला वाटलं, मी जिंकले. शेजारची बाई विचारायला आली, "काय गं, एकटीच?" तिलाही मी ठसक्यात सांगितलं, "हो, बाकीचे नैनितालला गेलेत. मी म्हटलं, आपल्याला नाही बाई जमत."

लेक तिथे पोहोचल्याचा मेसेज आला. मग एक फोटो आला, तळ्याचा, लांबून काढलेला. मी तो आईला दाखवला. आई म्हणाली, "पोर कुठाय ह्यात?" मी म्हटलं, "अगं, ती फोटो काढतेय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी मी लेकीला व्हिडिओ कॉल केला. तिने लगेच घेतला. फोन कशाला तरी टेकवून ठेवला असणार, कारण चित्र तिरकं दिसत होतं. केस वर बांधलेले, कपाळावर घाम, हात कोपरापर्यंत पिठात. समोर परात. मागे मोठी खिडकी आणि त्या खिडकीत ते तळं. अगदी पुस्तकातल्यासारखं, हिरवंगार, जागच्या जागी. पण ओटा असा बांधलेला होता की भाकऱ्या करणाऱ्याची पाठ तळ्याकडे यायची.

"आई, दिसतंय का गं? माझ्या मागे बघ!"

माझं लक्ष तळ्यावर नव्हतंच. मी म्हटलं, "बाकीचे कुठायत?"

"सगळे बोटीत बसायला गेलेत. पप्पापण."

"आणि तू?"

"आत्याला बाहेरचं चालत नाही ना. काल जेवणाचं कोण करणार ह्यावरून सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. मग पप्पा म्हणाले, आई नाही, तर तू बघ जरा." हे सगळं ती सहज सांगत होती. ती चिडली असती तरी मला बरं वाटलं असतं. ती हसत होती. "छान जमतायत गं आई. आत्या म्हणाली, अगदी तुझ्यासारख्या होतात."

तिला तिथे कुणी उभं केलं? ह्यांनी? ह्यांचा दोष तर आहेच. पण माझी जागा रिकामी केली कुणी? तलासरीला बॅग घेऊन ताठ मानेने उतरलं कोण? मला सगळ्यांचा राग आला होता, ह्यांचा, नणंदांचा, त्या बंगल्याच्या मालकाचा. आता सगळ्यांत जास्त राग आला तो माझा मलाच.

"गॅस बंद कर," मी म्हणाले.

"काय?"

"गॅस बंद कर! आत्ताच्या आत्ता! हात धू, चपला घाल आणि त्या घरातून बाहेर पड. राहू देत सगळ्यांना उपाशी. मी बघते काय होतं ते. जा, पाण्यावर जा!" माझा आवाज ऐकून आई आतून धावत आली.

लेकीने मान वर केली नाही. तिने पिठाचा पुढचा गोळा घेतला आणि तळहातावर फिरवायला लागली.

"ओरडू नकोस गं आई," ती म्हणाली. "सात-आठच राहिल्यात. एवढ्या आटपते आणि जाते."