ढगांतला ड्रायव्हर

तेहतीस वर्षं मी सरकारी बस चालवली आणि तेवढ्या काळात एकाही प्रवाशाने माझं तोंड पाहिलं नाही. चढणारा माणूस रिकामी सीट बघतो, उतरणारा आपली पिशवी. जोयडा तालुक्यातल्या लोकांना माझी मान मात्र पाठ आहे. मानेवरचा तीळ, कॉलरचा घाम, सगळं. समोरून मी कोणीच नव्हतो!

म्हणून निवृत्तीच्या आठवड्यात मेव्हणा नारायण म्हणाला, "दाजी, रामनगरच्या स्टँडवर तुमचा फ्लेक्स लावूया," तेव्हा मी तोंडाने नको-नको म्हणालो आणि मनातून हुरळून गेलो. एकदा, एकदाच, लोकांनी आपला चेहरा बघावा, असं मला फार वाटत होतं.

नारायणने बेळगावात आठ दिवस फोटोग्राफीचा क्लास केलाय. तेव्हापासून तो उन्हाला लाईट म्हणतो.

"घरात लाईट मेलाय, दाजी. भाईर चला."

बाहेर मे महिना होता. परसातल्या सागवानाखाली मला उभं केलं, अंगात नारायणच्या लग्नातला कोट चढवला. (नारायण तेव्हा काडीसारखा होता. बटणाला काज दिसत होतं, पण भेट होत नव्हती.) बायको, म्हणजे कमल, फणसाच्या आठळ्या निवडत पायरीवर बसली. शेजारचे बाबूकाका म्हैस सोडायला निघाले होते, ते म्हशीसकट थांबले.

"हात कुठं ठेवू?" मी विचारलं.

"नॅचरल ठेवा."

माझे नॅचरल हात स्टिअरिंगवर असतात. पहिले सात फोटो तसेच आले. कमलने मोबाईल हातात घेऊन पाहिलं.

"अवो, कुणाच्या अंगावर गाडी घालायला लागलाय?"

"हात मागं बांधा," बाबूकाका म्हणाले. बांधले. त्यांनी तोही फोटो पाहिला. "आता पोलिसानं धरल्यागत दिसतोय."

"दाजी, जरा हसा."

"हसू नकासा!" कमल ओरडली. "पुढचा दात दिसतोय."

"कुठला?" नारायणने फोटो मोठा करून पाहिला. "पुढं दातच न्हाई की, अक्का."

"त्योच!"

मग मान तिरकी करायची ठरली. गाडीचा आरसा बघून बघून माझी मान फक्त उजवीकडे वळते, आणि उजवीकडे ऊन होतं. मी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर झोप आली. खोटं कशाला सांगू, दोन फोटोंत मी चक्क झोपलो आहे! तासाभरात माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत प्रत्येक अवयवावर चर्चा झाली आणि एकही पास झाला नाही. इतकी वर्षं हे तोंड घेऊन मी निर्धास्त कसा फिरलो, याचंच मला नवल वाटू लागलं.

"झाडाला टेकून उभा ऱ्हा," बाबूकाकांनी शेवटचा उपाय सांगितला.

मी टेकलो. त्या झाडावर तांबड्या मुंग्यांचं घरटं होतं. पहिली मुंगी कॉलरमधून आत उतरली तेव्हा नारायण म्हणत होता, "हलू नका, हलू नका, आता लाईट लई भारी हाय!" मी श्वास रोखला, ओठ दाबले आणि नजर दूर डोंगरावर लावली. क्लिक झालं. त्यानंतर मी काय काय केलं ते सांगत नाही, पण म्हैस दावं तोडून पळाली.

तो फोटो मात्र तिघांना एकमताने पसंत पडला.

"काय शांत चेहरा!" कमल म्हणाली. लग्नानंतरचं हे पहिलं कौतुक! अंगभर गांध्या असूनही मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नारायणने फ्लेक्स करून आणला. "मागचं झाड काढलं, दाजी. ढग घातलेत. भोवतीनं झेंडूची माळ." फोटोखाली माझं नाव. नावाखाली दोन तारखा, एक नोकरीला लागल्याची, एक निवृत्तीची. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत 'सेवानिवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा'. संध्याकाळी त्याने तो स्टँडवर बांधलाही.

सकाळी मी एकटाच बघायला गेलो. खालची ओळ भज्यांच्या गाड्याच्या छपरामागे गेली होती. उरलं काय? ढग, झेंडू, दोन तारखा आणि इहलोक सोडून दूर कुठेतरी बघणारा मी. कोपऱ्याला कोणीतरी खरा हारही अडकवला होता!

खाली दिग्गी गावची एक म्हातारी बाई डोळ्यांना पदर लावून उभी होती.

"भजीवाल्यानं नाव वाचून दावलं. लई चांगला हुता बगा डायवर," ती मलाच म्हणाली. "लांबनं हात केला तरी गाडी थांबवायचा. माझ्या सुनंला कळा लागल्यावर गाडी दवाखान्याच्या दारापातूर नेली ह्येनं."

ती रात्र मी विसरलो होतो, ती नव्हती विसरली. "मावशी," मी म्हणालो, "मी हाय की जिवंत. त्यो मीच."

तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कायतरीच सांगू नका."

"देवाशपथ."

"मग फिरा बगू मागं."

मी भर स्टँडवर पाठ फिरवली. "अग्गो बाई! त्योच की ह्यो!" ती एवढ्याने ओरडली, की उभी असलेली बस रिकामी झाली आणि माझ्या मानेभोवती पन्नास माणसं जमली. सगळ्यांनी मान ओळखली. चेहरा बघायला कोणी पुढून आलं नाही.

तासाभराने नारायण फ्लेक्स काढायला आला. मला वाटलं, बिचारा शरमला असेल. तो दोऱ्या सोडत म्हणाला, "दाजी, ह्यो फेकू नका हं. फोटो झ्याक हाय, ढग तयार हायत. दोन तारखा बदलल्या की पुढं चालतोय."

फ्लेक्स मी नीट गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. कारण पुन्हा फोटो काढून घ्यायचा, तर त्यापेक्षा मला मरण परवडलं.