टिकलीखालचा डाग

वच्छलाबाईच्या कपाळावर रुपयाएवढा पांढरा डाग होता, आणि त्या डागानं तिचं डोकं फिरवलं होतं.

नांदुऱ्याजवळच्या खेड्यातली ही बाई. वांगी-मेथीचा मळा पिकवणारी, तोंडानं फटकळ, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. वीस वर्षं रोज सकाळी आरशावरची टिकली काढायची, कपाळावर दाबायची; रात्री परत आरशावर लावायची. तीच जागा, तोच गोंद. मागच्या दिवाळीत टिकलीखालची कातडी खाजली, लाल झाली, मग पांढरी पडली.

गावानं लगेच निकाल दिला: कोड! अहो, रोग परवडला, पण गावाचं निदान नको. पोरगी रुपाली लग्नाची. मेहकरची सोयरीक जमत आलेली, ती "पोरीच्या मायले कोड हाय" एवढ्या बोलण्यावर मोडली.

नांदुऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "हे कोड नाही. टिकलीच्या गोंदातलं रसायन कातडीचा रंग खातं. टिकली बंद करा, कोरडं कुंकू लावा."

तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं. पण चिठ्ठी काय कपाळावर चिकटवायची? कुंकवाच्या बोटात डाग झाकेना, म्हणून मोठी टिकली. तिनं डाग पसरला, म्हणून आणखी मोठी.

"बंद कर न मां ते!" रुपाली ओरडायची.

"तुह्यं लगन होऊ दे, मंग फेकतो आरशासकट!"

नवरा पुंजाजी म्हणायचा, "लोकाइकडं ध्यान काऊन देतं वो?"

"तुमाले काय! तुमच्या कपाळाकडं कोण पाह्यते?"

चैत्रात रोहिणखेडचे पाहुणे आले. माणसं अंगणात पुंजाजीजवळ बसली आणि मुलाची आई, अन्नपूर्णाबाई, सरळ स्वयंपाकघरात आली. वच्छलाबाई पुऱ्या तळत होती, घामानं निथळत होती. पाणी द्यायला वाकली आणि टिकली सुटून पेल्यात पडली.

अन्नपूर्णाबाई डागाकडे बघत राहिली.

"कोड नोहे हो! गोंदानं झालं. चिठ्ठी हाय डॉक्टरची," म्हणत वच्छलाबाईनं पेटी उघडली. लुगडी उपसली, पिशव्या उलट्या केल्या. नेमकी आज चिठ्ठी सापडेना. "जळो मेली ती टिकली!" ती रडकुंडीला आली. ही सोयरीकही हातची चालली होती.

अन्नपूर्णाबाईनं उठून दार लोटलं. मग नखानं स्वतःची टिकली काढली. खाली तसाच पांढरा डाग.

वच्छलाबाईला आधी रागच आला. "मंग चाला न बाहीर! दोघी मिळून सांगू साऱ्याइले!"

"सहा वर्षं झाले झाकून राह्यली मी. माह्या घरच्यालेबी माहीत नाही." अन्नपूर्णाबाईचा आवाज खाली आला. "पोरगी मले पसंत हाय. पण लगनात भाऊकी येईन. कोणाकोणाले चिठ्ठी दाखवसान?"

तिनं स्वतःची टिकली जागेवर दाबली. पेल्यातली पुसून पाहिली, ती काही चिकटेना. तेव्हा पर्समधल्या पाकिटातली नवी कोरी, मोठी टिकली काढली आणि वच्छलाबाईच्या कपाळावर अंगठ्यानं घट्ट दाबली.

"तेवढं लगन होऊ द्या, इहीनबाई."

बाहेरून पुंजाजी चहा मागत होता. वच्छलाबाईनं आधण ठेवलं. कपाळ खाजायला लागलं होतं. पण तिनं हात लावला नाही.