उद्घाटन रूटच्या हस्ते

आमच्या बीडच्या ऑफिसात डेटापेक्षा किस्सेच जास्त साठतात. डेटा निदान डिलीट तरी होतो! साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांना नंबर देणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. किस्से बहुतेक रूटचे, म्हणजे सर्व्हरवर ज्याला काहीच मना नाही अशा यूजरचे.

* * *

युसूफ वडगाव या गावची सुनीता नवीन आली तेव्हा तिने आमच्या सीनियर दत्ताभाऊंना विचारलं, "भाऊ, वेब सर्व्हर रूट म्हणून सुरू होतो अन् लगेच साधा यूजर कावून होतो?"

"पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं दार, उघडायला रूट लागतो. उघडलं की अधिकार सोडायचा. उद्या कुणी आत घुसलं तर त्याच्या हाती मालकी नको."

"परत मागितला तर?"

"मिळत न्हाई."

सुनीताने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "भाऊ, आपल्याकडं असा अधिकार सोडणारं कुणी बघितलंय का हो?"

* * *

आमच्यातला इम्रान परमिशनच्या एररला इतका वैतागला, की त्याने सगळ्या फाइली सगळ्यांना खुल्या करून टाकल्या. दत्ताभाऊ ओरडले, "गावजेवण हाय का बे?"

* * *

कारखान्याचे चेअरमन नाना एकदा अडूनच बसले. "कारखाना माझा, मग रूट मला कावून न्हाई?"

"नाना, रूट म्हणून मी पण बसत न्हाई," दत्ताभाऊ म्हणाले.

"मग बसतंय कोण?"

"कुणीच न्हाई."

"खुर्ची हाय अन् बसणारा न्हाई? अख्ख्या जिल्ह्यात असली खुर्ची दाखवा!"

* * *

नवा सर्व्हर आला. उद्घाटनाच्या मानाचा प्रश्न, दत्ताभाऊंचं काही चाललं नाही. नारळ फुटला आणि नानांनी रूट म्हणून एंटर दाबलं. टाळ्या!

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या साध्या यूजरने प्रोग्राम चालू केला, तर एकही नंबर निघेना. गेटबाहेर बैलगाड्या उन्हात, वर ऊस वाळतोय, तोडणाऱ्यांना ज्यावर पैसे मिळतात ते वजन घटतंय.

सुनीताने शोधलं. आदल्या दिवशी रूटने चालवल्यामुळे सगळ्या फाइली रूटच्या मालकीच्या झाल्या होत्या. साध्या यूजरला त्यात एक अक्षर लिहिता येत नव्हतं.

"नुसतं एंटर दाबून मालकी?" नाना थक्क! "अन् आमी बांधासाठी जन्मभर कोर्टात!"

* * *

यंदा हंगाम सुरू होताना नानांनीच सांगितलं, "एंटर गाडीवाल्याच्या हातानं. अन् साध्या यूजरनं!"

रांगेच्या शेपटाकडून धारूरच्या कौसाबाईंना बोलावलं. त्यांनी पदराला हात पुसला आणि एंटर दाबलं. पहिला नंबर छापून आला, रांगेत सगळ्यात पुढच्या गाडीचा. कौसाबाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि सरळ नानांनाच विचारलं,

"चालू म्या केलं न्हवं? मग आमची गाडी मागं कावून?"